कानाने शिकलेली फारसी

फारसी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, फर्माने आणि इतिहासाच्या पुस्तकातले फडणीस-चिटणीस उभे राहतात. माझ्याही डोळ्यांपुढे तेच येत असे. ही भाषा आज कुणीतरी मासळी घेताना, टॅक्सी थांबवताना, पोराला रागावताना बोलत असेल, असा विचार मी कॉलेजात येईपर्यंत कधी केला नव्हता. तो करायला लावला माझ्या दादाने.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी किनाऱ्याला. वडील मच्छीमार बोटीवर खलाशी, आई बाजारात मासळी विकते. दादा दहावीनंतर सीडीसी काढून मालवाहू जहाजावर लागला. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली मी पहिलीच. 2024 च्या ऑगस्टमध्ये दादाचे जहाज इराणच्या बंदर अब्बासला लागले असताना त्याच्या पोटात जबर दुखू लागले. एजंटाच्या माणसाने त्याला शहरातल्या दवाखान्यात सोडले आणि तो दुसऱ्या कामाला गेला. दादाला हिंदी येते, कामापुरते इंग्रजी येते. समोरच्या बाईंना दोन्ही येत नव्हते. पोटावर हात ठेवून तो तासभर बसून राहिला. जहाजावर परतल्यावर त्याने फोन केला आणि म्हणाला, "तू कॉलेजात जातेस ना? मग मला तिथलं चार शब्द बोलायला शिकव."

मला फारसीचा एक शब्द येत नव्हता. पण 'कॉलेजात जातेस ना?' या प्रश्नाला 'येत नाही' असे उत्तर देण्याचा धीर झाला नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आले आहे, त्यांना माझी अडचण कळेल. घरच्यांच्या मते आपल्याला सगळेच येत असते!

मी ग्रंथालयातून फारसी शिकवणारे एक जुने पुस्तक आणले. लिपी कशीबशी लावली आणि कामाची वाक्ये काढून दादाला फोनवरून सांगू लागले. पहिल्याच आठवड्यात माझ्या विद्येची परीक्षा झाली. 'मी जहाजावर जातो आहे' हे वाक्य बंदराच्या फाटकावर रोज लागणारे. पुस्तकात जहाजासाठी शब्द होता, त्याची अक्षरे क, श, त, ई. फारसीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्याने मनाने घालायचे. मला आपली 'कुस्ती' आठवली आणि मी दादाला 'कोश्ती' असा उच्चार दिला. त्याने फाटकावरच्या पहारेकऱ्याला ऐटीत सांगितले, "मी कुस्तीला जातो आहे." पहारेकऱ्याने हसून दंड थोपटून दाखवले. जहाज म्हणजे 'कश्ती' आणि कुस्ती म्हणजे 'कोश्ती'. लिहिताना दोन्ही अगदी सारखे, फरक आहे तो फक्त कानाला. त्या दिवशी मी पुस्तक परत केले आणि ध्वनिपाठ शोधू लागले.

हे पाठ कसे असतात ते थोडक्यात सांगते. मोबाईलवर उतरवून घेता येणारे साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाचे धडे असतात. सुरुवातीला दोन माणसांचे छोटे संभाषण ऐकू येते. मग एक वाक्य फोडून शिकवतात. काही पाठांत ते शेवटाकडून फोडतात. उदाहरणार्थ 'बेफरमायीद' हा शब्द. आधी 'यीद', मग 'मायीद', मग 'फरमायीद' आणि शेवटी 'बेफरमायीद'. असे केल्याने शब्दाचा शेवट तोंडात घोळलेला राहतो आणि जीभ मध्येच अडखळत नाही. त्यानंतर खरी मेख येते. शिक्षक विचारतात, "आता 'मला पाणी हवे' हे कसे म्हणाल?" आणि गप्प बसतात. त्या शांततेत आपण मोठ्याने उत्तर द्यायचे. मग बरोबर उत्तर ऐकू येते. नुसते ऐकणारा आणि त्या शांततेत बोलणारा यांच्या प्रगतीत फार मोठे अंतर पडते, हे मी अनुभवाने सांगते.

या पद्धतीमागे पॉल पिम्सलर (1927–1976) या अमेरिकन भाषाशिक्षणतज्ज्ञाचा विचार आहे. पाठ केलेले किती वेगाने विसरले जाते याचे प्रयोग एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच प्रसिद्ध केले होते. पिम्सलरने 1967 मध्ये असे मांडले की शब्द विसरण्याच्या बेतात असतानाच तो पुन्हा विचारावा, म्हणजे दर वेळी तो अधिक काळ टिकतो. त्याने दिलेले वेळापत्रक असे: 5 सेकंद, 25 सेकंद, 2 मिनिटे, 10 मिनिटे, 1 तास, 5 तास, 1 दिवस, 5 दिवस, 25 दिवस, 4 महिने आणि 2 वर्षे. परीक्षेच्या आदल्या रात्री दहा वेळा घोकणारे आपण सगळेच या वेळापत्रकाकडे एकदा नीट पाहू या!

माझा अभ्यास एस.टी.त चाले. गाव ते कॉलेज पाऊण तास. मोठ्याने बोलायचे तर शेजारची माणसे वळून पाहतात, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून पुटपुटत असे. संध्याकाळी मात्र घरी इअरफोन काढून धडा लावायची. आई समोर मासळी निवडत बसलेली असे. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आले की शिक्षक गप्प बसले की माझ्याआधी आईच उत्तर देते. तिची शाळा चौथीत सुटली. वाचायला बसली की अक्षरावर बोट ठेवते. पण बाजारात वीस बायकांच्या गलक्यात आपल्या गिऱ्हाइकाचा आवाज नेमका टिपणारा तिचा कान आहे. "भाव कसा विचारायचा गो?" हा तिचा पहिला प्रश्न. "चंदे?" म्हणजे 'केवढ्याला?' ते तिला एकदाच सांगावे लागले. मासा म्हणजे 'माही' आणि कोळंबी म्हणजे 'मेयगू' हे तर तिने माझ्याकडून मागूनच घेतले.

आता भाषेविषयी. सगळ्यात आधी उच्चार. फारसीतला दीर्घ 'आ' आपल्या 'आ'सारखा नाही. तो ओठ गोल करून 'ऑ'कडे झुकतो. या लेखात मी सोयीसाठी 'आ' लिहिते, वाचताना तो तसा झुकवावा. 'ख' घशातून घासून येतो. 'ज' पुष्कळदा आपल्या 'जमीन'मधल्यासारखा असतो, आणि तो मराठी माणसाला शिकवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लिहिण्याची फारसी आणि बोलण्याची फारसी यांत बरेच अंतर आहे. पुस्तकात भाकरी म्हणजे 'नान', तोंडात 'नून'. घर म्हणजे 'खाने', बोलताना 'खूने'. 'मला हवे' हे पुस्तकात 'मीखाहम', बोलण्यात 'मीखाम'. 'मी जातो' हे 'मीरवम'चे 'मीरम' होते, 'मला जमते' हे 'मीतवानम'चे 'मीतूनम' होते. पुस्तकातली फारसी बोललेली तिथल्या माणसाला कळते, पण ती त्याला आपल्या कीर्तनकाराच्या भाषेसारखी वाटत असावी. मुख्य अडचण निराळीच आहे. आपण 'नान' शिकून जातो आणि समोरचा 'नून' म्हणतो, मग आपल्याला आलेले उत्तर कळत नाही. प्रवासासाठी शिकणाऱ्याने पाठ निवडताना आधी हे पाहावे की त्यात बोलण्याची भाषा आहे की वाचण्याची.

व्याकरण मात्र मराठी माणसाला सोपे जाते. क्रियापद शेवटी येते. 'मन आब मीखाम' म्हणजे 'मला पाणी हवे', शब्दांचा क्रमही आपलाच. 'तो' आणि 'शोमा' हे आपले 'तू' आणि 'तुम्ही'. लिंगभेद तर मुळीच नाही. दादा 'मीरम' म्हणतो आणि मीही 'मीरम'च म्हणते. 'तो' आणि 'ती' दोघांनाही बोलण्यात एकच सर्वनाम चालते. तीन लिंगे सांभाळणाऱ्या आपल्याला ही चैनच आहे! नवे वाटते ते एवढेच की 'माझे पुस्तक' हे उलटे, 'केताबे मन' असे म्हणतात. पण बंदर अब्बास हेच पाहा ना. ते मुळात 'बंदरे अब्बास', म्हणजे अब्बासचे बंदर. सतराव्या शतकातल्या शाह अब्बासचे नाव त्याला मिळाले आहे. आणि आपण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'बंदर' म्हणत आलो तो शब्दही फारसीच आहे.

शब्दांच्या या नात्याबद्दल आपल्या मराठी विभागाच्या तासाला आपण ऐकले आहे. शतकानुशतके फारसी ही दरबाराची भाषा होती, म्हणून शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. पुढे माधव जूलियन यांनी फारसी-मराठी कोश तयार केला, तो 1925 चा. बाजार, हजार, कागद, दरवाजा, पसंत, खराब हे शब्द आपल्याला पाठांत भेटतात तेव्हा परगावी ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. पण मी अनुभवाने सांगते, ओळखीच्याच माणसाशी जपून वागावे.

'दारूखाने' अशी पाटी दादाने पहिल्यांदा अक्षरे लावून वाचली तेव्हा जहाजावर मोठी चर्चा झाली. कारण इराणमध्ये दारूबंदी आहे आणि मुंबईचे दारूखाना सगळ्या खलाशांना ठाऊक. फारसीत 'दारू' म्हणजे औषध आणि 'दारूखाने' म्हणजे औषधाचे दुकान. 'तमाशा' म्हणजे नुसते पाहणे. 'गुलाब' म्हणजे फूल नव्हे, तर गुलाबपाणी, कारण 'गोल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. 'जहाज' म्हणावे तर आजच्या बोलण्यात लग्नात मुलीला देतात ते सामान आठवते, त्याला 'जहीजिये' म्हणतात. 'रास्त' आपल्याकडे भावाला लागते, तिथे टॅक्सीवाल्याला. 'रास्त' म्हणजे उजवीकडे आणि 'चप' म्हणजे डावीकडे. आणि 'देल', म्हणजे आपले दिल, कवितेत हृदय असते, पण रोजच्या बोलण्यात पोट! 'देलम दर्द मीकोने' याचा अर्थ 'माझे पोट दुखते'. हे वाक्य मी दादाकडून किती वेळा म्हणवून घेतले ते मोजले नाही.

पैशांचे वेगळे प्रकरण आहे. अनेक वर्षांपासून इराणी नोटांवर रियाल छापलेले असतात, पण लोक बोलतात तोमन. एक तोमन म्हणजे 10 रियाल. शिवाय बोलताना 'हजार' बऱ्याचदा गाळतात. दुकानदार 'पंजा तोमन' म्हणाला तर ते 50 तोमन नसून 50 हजार तोमन, म्हणजे 5 लाख रियाल असू शकतात. अंक तसे सोपे आहेत. यक, दो, से, चार, पंज, शीश, हफ्त, हश्त, नोह, दह. आपला 'हप्ता' हा या 'हफ्त'मधूनच आलेला, सात दिवसांचा.

काही गोष्टी मात्र पाठात ऐकूनही कळत नाहीत. एकदा टॅक्सीतून उतरताना दादाने भाडे विचारले. चालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "गाबेली नदारे." पाठात याचा अर्थ 'त्यात काय एवढे' असा दिला होता. दादा आभार मानून चालू लागला, तेव्हा चालक हाका मारत मागे आला. दादाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. या रीतीला 'तआरोफ' म्हणतात. दुकानदार, टॅक्सीवाला, यजमान आधी 'राहू द्या' म्हणतात, आपण पुन्हा आग्रह करायचा, ते पुन्हा नको म्हणतात, मग ते घेतात. आपल्याकडेही दारात आलेल्याला 'जेवूनच जा' म्हणतात आणि तो 'आत्ताच जेवून आलो' म्हणतो. दोघांनाही खरे काय ते ठाऊक असते. दादाला ही रीत जन्मापासून येत होती, पण परक्या भाषेत ती ओळखता आली नाही. म्हणून माझे म्हणणे असे की वाक्याच्या अर्थाबरोबर ते वाक्य कोण, कोणाला, कधी म्हणतो हेही विचारून घ्यावे.

2025 च्या फेब्रुवारीत दादाचे पोट पुन्हा दुखले. बंदर तेच. या वेळी तो दवाखान्यात म्हणाला, "देलम दर्द मीकोने, अज दीरूज." म्हणजे कालपासून पोट दुखते. बाईंनी भराभर काहीतरी विचारले. तो म्हणाला, "यवाशतर, लोत्फन", जरा हळू बोला. मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून विचारले, "तब दारी?" 'तब' हा शब्द आमच्या कोणत्याच धड्यात नव्हता. पण त्याच्या कानाला तो 'ताप' ऐकू आला आणि त्याने मान हलवली. तब म्हणजे ताप! तपासणी झाली, औषध मिळाले आणि तीन दिवसांत तो कामावर उभा राहिला. फोनवर त्याने हे सांगितले तेव्हा मला दहावीच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला.

तरीही या शिक्षणाच्या मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. तीस-चाळीस धड्यांनी भाषा येत नाही. आपल्याला प्रश्न विचारता येतो, पण उत्तराचा लोंढा अंगावर आला की निम्मे वाहून जाते. पाठ तेहरानच्या बोलीतले असतात आणि बंदर अब्बासच्या गोदीत स्थानिक बंदरी बोली कानावर पडते. पाटी वाचायची तर लिपी वेगळी शिकावी लागते, आणि ती कानाच्या मागून शिकलेली बरी, माझ्यासारखी आधी नव्हे. सगळ्यात उपयोगी वाक्ये दोनच, असे दादा म्हणतो. 'नेमीफह्मम', म्हणजे मला कळत नाही, आणि 'यवाशतर'. ही दोन येत असली की बाकीचे समोरचा माणूस शिकवतो.

26 एप्रिल 2025 ला बंदर अब्बासजवळच्या शहीद रजाई बंदरात भयंकर स्फोट झाला. कित्येक माणसे गेली, शेकडो जखमी झाली. त्याच आठवड्यात तिथे जाणार असल्याचे दादाने सांगितले होते. त्याचा फोन लागत नव्हता. रात्री आम्ही चौघे, आई, वडील, आजी आणि मी, मोबाईलवर बातम्या पाहत होतो. धुराच्या एका चित्रफितीत कुणीतरी ओरडत होता, "दादाश! दादाश!" दादानेच मला पूर्वी सांगितले होते की गोदीतले कामगार एकमेकांना 'दादाश' म्हणतात, म्हणजे भाऊ. मी आईला ते सांगितले नव्हते. पण ती एकदम म्हणाली, "दादाला हाक मारतोय गो तो." आजीने पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर कुणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. त्याचे जहाज आधीच्या बंदरातून निघायलाच दोन दिवस उशीर झाला होता. आईने देवापुढे दिवा लावला आणि मग मला विचारले, "त्या पोराचा भाऊ मिळाला असेल का?" ज्या देशाचे नाव वर्षापूर्वी तिला माहीत नव्हते, तिथल्या एका अनोळखी माणसासाठी ती विचारत होती. परकी भाषा शिकून काय मिळते, असे मला कुणी विचारले तर मी हा प्रश्न सांगेन.

दादा गणपतीला घरी आला. सध्या त्याचे जहाज दुसऱ्या मार्गावर आहे आणि फारसीची त्याला गरज पडत नाही. पण आमच्या घरात धडे चालूच आहेत. फारसीत काम करणाऱ्या माणसाला भेटले की 'खस्ते नबाशीद' म्हणतात, म्हणजे तुम्हांला थकवा न येवो. आई मला म्हणाली होती, "अगं, हे तर आपलं खस्ता खाणं!" आणि खरेच तो शब्द तोच आहे. दादा पिशवी घेऊन अंगणात आला तेव्हा आई दारातूनच म्हणाली, "खस्ते नबाशीद!" दादा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "सलामत बाशीद." पाठात शिकवलेले उत्तर हेच आहे.

माझी आपल्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. आपल्या कॉलेजात वाचनालय आहे, तसा भाषा ऐकण्यासाठी एखादा कोपरा असावा. दोन-चार जुने संगणक आणि कानाला लावायची यंत्रे एवढ्यावर भागेल. फारसीच हवी असे नाही. तमिळ असो, बंगाली असो, जर्मन असो. आणि मित्रमैत्रिणींना सांगणे एवढेच की धडा घरी सगळ्यांच्या देखत लावा. जे शाळेत मागे राहिले त्यांचे डोळे मागे राहिले असतील, कान राहिलेले नसतात. आमच्या घरात आज फारसीत सगळ्यांत पुढे कोण आहे, असे विचाराल तर मी नाही आणि दादाही नाही. आई चोविसाव्या धड्यावर आहे.